ड्रॅगन आला की दारात धाकटी

…हसू नकोस, आधी लिही. धाकटी म्हणजे माझी पाठची बहीण, हे लिहिलंस ना? आणि ती सगळं आयुष्य पाळणाघरात कामाला होती हेही घाल. ते नाही घातलं तर पुढचं कुणाला कळायचं नाही, वाचणारे म्हणतील म्हातारपणी बाईला टीव्हीचं वेड लागलं. तसं नव्हतं ते. तिनं गाव वाचवलं गं, अख्खं गाव. आता ते गाव टीव्हीच्या आत होतं, त्याला ती तरी काय करणार?

पाळणाघर म्हणजे लांबट इमारतीच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या. एक झोपायची, एक खेळायची, मध्ये मोरी, आणि थेट रस्त्यावर उघडणारं एक दार. बाकीच्या बायका मुलांना भरवायच्या, पुसायच्या, झोपवायच्या. धाकटीकडे दार. ऐकायला सोपं वाटतं, पण दोन-अडीच वर्षांचं पोर एकदा दाराकडे सुटलं की ते पाण्यासारखं असतं, जिथं फट तिथून बाहेर. समोर तोंड करून, हात पसरून उभं राहिलं तर काखेखालून जातं. म्हणून धाकटी आडवी उभी राहायची. एक पाय उंबऱ्याला, एक पाय आत, आणि कंबर चौकटीला लावून. ओरडणं नाही, धरणं नाही. पोर येऊन तिच्या मांडीवर आपटलं की विचारायची, "तुझी चप्पल कुठंय?" झालं. पोर चप्पल शोधायला मागे फिरायचं आणि निम्म्या वाटेत विसरून जायचं की आपल्याला बाहेर जायचं होतं. डाव्या कुल्ल्याला तिच्या कायमचा काळानिळा डाग. आम्ही तिला म्हणायचो, तुझ्या पगाराची पावती तिथं छापलीय.

सगळे तिला मावशी म्हणायचे. मुलं म्हणायची, मुलांच्या आया म्हणायच्या, दूधवाला म्हणायचा. ऐकून ऐकून तिचा नवरासुद्धा तिला मावशीच म्हणायला लागला. चारचौघांत त्यानं "अगं मावशी, माझा चष्मा" म्हटलं की नवीन माणूस एकदा त्याच्याकडे बघायचा, एकदा तिच्याकडे.

नवरा बस चालवायचा. त्याला आम्ही सगळे ड्रायव्हरच म्हणतो, जावई झाला तेव्हापासून. एकच रस्ता, सकाळ-संध्याकाळ, तेच थांबे, तीच माणसं. रिटायर झाले आणि वर्षाच्या आत छातीत कळ आली. हृदयाच्या नळीत जाळी बसवली, घरी आणलं, डॉक्टरांनी सांगितलं जिना नाही, भांडण नाही, धावपळ नाही. पण हा माणूस घरात बसणारा का? फिरायला जातो म्हणून जायचे आणि स्टँडवर उभे राहून बस मागे घेणाऱ्या पोरांना हात करून दाखवायचे, ये, ये, बस, बस. एकदा तिथंच चक्कर आली.

तेव्हा त्यांच्या लेकीनं युक्ती काढली. लेक लिफ्ट दुरुस्त करते, कमरेला हत्यारांचा पट्टा, अंगात बापाचाच हट्ट. तिनं आपलं जुनं गेमचं यंत्र आणून टीव्हीला जोडलं. दोन्ही हातांत धरायचं, वर बटणं, अंगठ्यांनी फिरवायच्या दोन बुटक्या दांड्या. आत एक गाव. डोंगराच्या पायथ्याशी, लाकडी घरं, भोवती भिंत, एक वेस. तुम्ही म्हणजे तलवारवाला शूर माणूस. गेम तुम्हाला सारखा सांगत राहतो, डोंगरावर जा, राजा वाट बघतोय, काम अडलंय. लेकीला वाटलं बाबा लढाया करतील, त्यांचा वेळ जाईल.

ड्रायव्हर वेशीबाहेर गेलेच नाहीत. त्यांनी गावात फेरी सुरू केली. वेशीपासून लोहार, लोहारापासून गिरणी, मग झाडपाल्याची औषधं विकणारी म्हातारी, मग खानावळ, मग वळून परत वेस. प्रत्येक दाराशी थांबायचं, माणूस काय बोलतो ते ऐकायचं, पुढे. सकाळी एक फेरी, चहा झाला की एक. लेक म्हणाली, अहो बाबा, राजा थांबलाय. तर म्हणाले, त्याला म्हणावं मागची गाडी येतेय, तिच्यात बस.

आणि जेवताना सगळ्या खबरा धाकटीला. गिरणीवाली आज खोकत होती. औषधवाली आणि खानावळवालीचं जमत नाही. पण जीव सगळ्यात जास्त लोहारावर. दाढीवाला, रुंद, दिवसभर ठोकत असायचा, आणि कधीही जा, एकच वाक्य: "या, धार लावून ठेवलीय." ड्रायव्हरना ते फार आवडायचं. आयुष्यभर वेळेवर गाडी काढलेला माणूस. ज्याचं काम आपण यायच्या आधी तयार आहे, असा माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटला होता म्हणे. धाकटी म्हणायची, आणि मी सकाळचा डबा काय हवेतून काढायची का?

मग आला ड्रॅगन. तुला माहीतच आहे, पण वाचणाऱ्याला सांगायला हवं. पंख फुटलेली पाल समज, बसएवढी, आणि तोंडातून स्टोव्ह भडकल्यासारखा जाळ. आधी लांबून आवाज येतो, पत्र्यावरून जड काहीतरी ओढल्यासारखा. मग सावली. ड्रायव्हर फेरीवर होते, गिरणीपाशी. ती गिरणीवाली, खोकणारी बाई, घरात जाऊन लपायची की नाही? तर भाकरी उलटायच्या उलथन्याएवढी सुरी काढून ड्रॅगनवर धावली. जळून गेली त्यांच्या डोळ्यांसमोर.

लेक म्हणाली, बाबा, काळजी नको, गेममध्ये मागे जाता येतं, सकाळचं गाव परत येईल, बाईसकट. ड्रायव्हर नाही म्हणाले. जिला काल जळताना पाहिलं तिला आज कोणत्या तोंडानं विचारू, खोकला कसा आहे म्हणून? गेली ती गेली. लेकीनं खूप समजावलं, पण हा माणूस गाडी रिव्हर्स फक्त स्टँडवर घ्यायचा.

त्यांनी जेवण टाकलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे रक्तदाब मोजला तर काटा नको तिथं. डॉक्टरांनी विचारलं, घरी काही झालं का? ड्रायव्हर म्हणाले, आमच्या गावात एक बाई जळून गेली. डॉक्टर बिचारा हळहळला, खुर्ची पुढे ओढली, विचारलं गॅस लीक झाला का. तेव्हा धाकटीला सांगावं लागलं की टीव्हीतल्या गावात, ड्रॅगनमुळे. डॉक्टर हसला, मग हसायचा थांबला. म्हणाला, हसण्यासारखं नाही हे, हृदयाला टीव्ही कळत नाही, त्याला धडधड तेवढी कळते. गावात फिरा, पण ड्रॅगन बंद. पुन्हा असा आकडा दिसला तर ॲडमिट करून घेईन.

घरी आल्यावर ड्रायव्हर म्हणाले, म्हणजे गाव वाऱ्यावर सोडू? आणि धाकटीनं पाहिलं, हा माणूस ऐकणार नाही. यंत्र काढून नेलं तर स्टँडवर जाईल, ठेवलं तर ड्रॅगनपुढं जाईल. दोन्हीकडे छातीच. मग ठरलं. लांबून तो पत्र्याचा आवाज आला की ड्रायव्हरनी यंत्र धाकटीच्या हातात द्यायचं आणि स्वयंपाकघरात जाऊन दार लावून बसायचं. पुढचं ती बघेल. ड्यूटी बदलली, असं समजायचं. त्यांनी एकच विचारलं, "तुला जमेल?" ती म्हणाली, जन्मभर दुसऱ्यांची पोरं सांभाळली, ही तर मोठी माणसं.

आता बघ काय केलं तिनं.

पाळणाघरात सकाळी मुलं यायच्या आधी पहिलं काम काय, तर टोकदार ते सगळं वर. कात्र्या, पिना, पेन्सिली, फळ कापायची सुरी, सगळं उंच फडताळावर. तिनं विचार केला, ती गिरणीवाली मेली कशानं? हातात सुरी होती म्हणून चेव आला. सुरीच नसती तर गपगुमान घरात बसली असती. झालं. दुपारी ड्रायव्हर डुलकी घेत होते, तेव्हा हिनं यंत्र घेतलं आणि घरोघरी जाऊन सुऱ्या, कोयते, कात्र्या, जे दिसेल ते उचलायला लागली. पडद्यावर मधेच एक डोळा उघडायचा, मिटायचा. हिला वाटलं, गेम आपल्याकडे कौतुकानं बघतोय. खानावळीतून तिनं मासा कापायची सुरी उचलली आणि तो डोळा टक्क उघडा राहिला. म्हणजे कुणीतरी आपल्याला बघितलं, हे लेकीनं नंतर सांगितलं.

दोन पहारेकरी आले. चोर म्हणाले. हिनं टीव्हीसमोर बसून त्यांना समजावून सांगायचा प्रयत्न केला, अहो तसं नाही, मी वर ठेवत होते. त्यांनी तिला नेऊन कोठडीत टाकली.

आणि नेमका तेव्हाच पत्र्याचा आवाज.

ड्रायव्हर ताडकन उठले, पाहिलं की यंत्र आधीच हिच्या हातात आहे, आणि शहाण्यासारखे स्वयंपाकघरात जाऊन दार लावून घेतलं. आतून विचारलं, "लोहार दिसतोय का?"

"नाही दिसत."

"मग तू आहेस कुठं?"

धाकटीनं आधी कोठडीचं दार हलवून पाहिलं. मग म्हणाली, "तुरुंगात."

आत भांडं पडलं. "कशाबद्दल?"

"सुऱ्या उचलल्या."

त्यावर आतून जे बोलणं आलं ते मी तुला लिहायला सांगणार नाही. पण नंतर तीच सांगत होती, तिला हसू आवरत नव्हतं. कोठडीला जमिनीलगत एक झरोका होता. त्यातून तिला फक्त पाय दिसत होते. लोकांचे पाय, धावणारे. हातात सुरी नाही, तरी धावतायत. मुठी वळून धावतायत गं, रिकाम्या मुठींनी ड्रॅगनला मारायला. जाळ दिसला, धूर दिसला, मग सगळं शांत.

शिक्षा भोगून ती बाहेर आली तर वेशीपाशी एक पहारेकरी मरून पडला होता. ज्यानं तिला आत टाकलं तोच. लोहार गुडघ्यावर बसला होता, कपडे जळलेले, मग हळूहळू उठला आणि ठोकायला गेला. तिच्या मनात आलं, ड्रायव्हरना पहारेकऱ्याचं सांगूच नये. पण हा माणूस उद्या सकाळी फेरीवर जाणार, वेशीपाशी रिकामी जागा बघणार. दार उघडून तिनं सरळ सांगितलं. ड्रायव्हरनी छातीवर हात ठेवला, मग काढला. म्हणाले, त्यानं आपलं काम केलं. आणि मग म्हणाले, लोहाराचं काय झालं असतं, मावशी?

ते तिला लागलं. त्यांच्या आवाजात ओरडणं नव्हतं, म्हणून जास्त लागलं. एवढं नक्की, लोहार गेला असता तर हा माणूस पुन्हा त्या डॉक्टरच्या कॉटवर जाणार होता.

दुसऱ्या दिवशी ती कपडे वाळत घालत होती आणि डोक्यात सारखे ते पाय. सगळे पाय एकाच दिशेला का धावत होते? आणि दोरीवर चादर टाकता टाकता तिला आठवला रस्त्यावरचा रोलर. पाळणाघरासमोर रस्ता करत होते तेव्हा तो रोलर धडधडत आला होता. मोठं माणूस अशा आवाजानं मागे सरकतं. आणि दोन्ही खोल्यांतली मुलं, झोपलेली उठून, जेवणारी घास टाकून, दाराकडे सुटली होती. मुलं आवाजापासून पळत नाहीत गं, आवाजाकडे पळतात. ड्रॅगन आला की ते गावही तसंच. सुरी असो वा नसो, कान उभे राहतात आणि पाय सुटतात. टोकदार वस्तू वर ठेवून काही होत नाही. दार धरायला हवं.

चादर तशीच टाकून आली. ड्रायव्हरना म्हणाली, जरा द्या इकडे. औषधवाली घरात होती. धाकटीनं तिच्या दारात आपल्या शूर माणसाला आडवा उभा केला. थोड्या वेळानं म्हातारी बाहेर निघाली, येऊन ह्याच्यावर आपटली, म्हणाली "बाजूला व्हा." हा हलला नाही. म्हातारी जागच्या जागी पाय हलवत राहिली, मग वळली आणि परत जाऊन स्टुलावर बसली. धाकटीनं मांडीवर अशी थाप मारली की ड्रायव्हरांच्या हातातला चहा सांडला.

पण दारं अनेक आणि ही एकटी. सगळ्यांना एका खोलीत आणायला हवं. तिथं ड्रायव्हर उपयोगी पडले. कोण कुठल्या वेळेला कुठं असतं हे त्यांना पाठ. खानावळीची खोली मोठी, दार एकच, आणि संध्याकाळी सगळे तिथं येतातच. पण ड्रॅगन काय संध्याकाळची वाट बघेल? लेकीला फोन लावला. ती कुठल्यातरी लिफ्टच्या वर बसून काम करत होती, तरी बोलली. म्हणाली, खानावळीत एक सारंगीवाला बसतो ना, त्याच्याशी बोला, वाजव म्हणा. तो वाजवायला लागला की जवळपासची माणसं आत येऊन बसतात. मला वाटलं ते नुसतं शोभेला असतं. धाकटी म्हणाली, अगं शोभेला काय, पाळणाघरात तर आम्ही ह्याच्यावरच दिवस काढायचो.

मग तिघांनी मिळून तालीम सुरू केली. रविवारी लेक येऊन बसली. सारंगी वाजली की माणसं यायची, औषधवाली कुरकुरत यायची, वेशीपाशी ओझी वाहणारे हमाल यायचे. धाकटी दारात. लेकीनं जखम भरायचं औषध एका बटणाला लावून दिलं, आईला शिकवलं, जाळ अंगावर आला की हे दाबायचं, घाबरून दुसरं दाबलंस तर उडी मारशील. धाकटीनं आधी दहा वेळा उडीच मारली.

एक अडचण राहिली. लोहार यायचा नाही. भट्टी पेटलेली असली की सारंगी वाजो, ढोल वाजो, तो ठोकतच राहायचा. लेक म्हणाली, गेमचाच तो स्वभाव आहे. ड्रायव्हर म्हणाले, स्वभाव कसला, हातातलं काम टाकून उठायची सवय नाही त्याला. आणि असं म्हणताना त्यांचा चेहरा बघायला हवा होतास, काळजी आणि अभिमान एकदम.

म्हणून सगळ्यांनी देव पाण्यात ठेवले की ड्रॅगन येऊ दे तर संध्याकाळी येऊ दे, भट्टी विझल्यावर.

आला तो भर दुपारी.

पत्र्याचा आवाज झाला आणि ड्रायव्हरांनी यंत्र तिच्या हातात ठेवलं, स्वयंपाकघरात गेले, दार लावलं. आत वाटाणे सोलायचे पडले होते, ते घेऊन बसले. धाकटी पळत सुटली. पहिल्यांदा उडीच मारली, कोपऱ्यावरच्या पिंपावर चढली, उतरली, खानावळ गाठली. सारंगीवाल्याला म्हणाली वाजव. त्यानं गज उचलला. आणि एकेक यायला लागले.

आतून ड्रायव्हर थांबे घेतल्यासारखे विचारत होते.

"औषधवाली?"

"आली. तोंड वाकडं करून आली."

"हमाल?"

"आले, बसले."

"खानावळवाली?"

"ती तिथलीच आहे हो, ती कुठं जातेय?"

मग ते थांबले. टीव्हीतून ठोकण्याचा आवाज येत होता, ठण, ठण, लांबून. तो स्वयंपाकघरातही ऐकू जात होता. लोहाराचं त्यांनी विचारलं नाही आणि हिनं सांगितलं नाही.

छतावर धप्प झालं. वरून धूळ पडली, सारंगी थांबली, आणि सगळी खोली उठून दाराकडे निघाली. धाकटी आडवी झाली. नुसता तो टीव्हीतला माणूस नव्हे, ही इकडे खुर्चीवरसुद्धा तिरकी झाली, एक पाय पुढे, कंबर खुर्चीच्या हाताला दाबून. मागून धक्के. बाजूला व्हा, बाजूला व्हा, जाऊ द्या. औषधवाली सगळ्यांत पुढे, एवढीशी बाई, पण ढकलायला हमालांच्या वरताण. धाकटी टीव्हीला सांगत होती, चप्पल कुठंय तुझी, चप्पल घाल आधी.

ड्रॅगन समोर उतरला. त्याचं तोंड दाराएवढं. जाळ टाकला. पडद्यावरची, किती जीव उरला ते दाखवणारी लाल पट्टी सरसर खाली आली, हिनं बटण दाबलं, बरोबर दाबलं, पट्टी वर. पुन्हा जाळ, पुन्हा बटण. तळहाताला घाम सुटलेला, यंत्र निसटायला लागलं, तिनं पदराला हात पुसून परत पकडलं. दार सोडलं नाही. आत एकालाही चटका नाही.

तेवढ्यात ठण ठण थांबलं.

तिनं पाहिलं, ड्रॅगनच्या मागून लोहार येतोय. हातोडा घेऊन, दाढी पुढे काढून, एकटा. आला आणि त्यानं शेपटीवर घाव घातला. ड्रॅगन वळला. दारासमोरून हटला, सगळाच्या सगळा लोहारावर गेला.

आता ऐक. ह्या क्षणाला धाकटीच्या हातात तलवार होती. दार सोडून दहा पावलं पुढे गेली असती तर ड्रॅगनला मागून घेता आलं असतं. पण दार सोडलं की ही सगळी खोली बाहेर. पाळणाघरात नियम होता, एक पोर बाहेर गेलं तरी दारावरची बाई दार सोडत नाही, दुसऱ्या कुणालातरी हाक मारते. इथं दुसरं कुणी नव्हतं. आणि बाहेरचं पोर तिचं नव्हतं, तिच्या नवऱ्याचं होतं.

तिनं मोठ्यानं सांगितलं, "लोहार बाहेर आलाय. एकटा लढतोय. मी दार सोडलं तर त्याला हात देता येईल, पण आतले सगळे सुटतील. तुमचा माणूस आहे. तुम्ही सांगा."

वाटाण्यांचा आवाज बंद झाला. ताटलीत दाणे पडत होते इतका वेळ, ते थांबले. लोहारावर जाळ आला, तो मागे सरला, पुन्हा पुढे गेला.

मग आतून आवाज आला, अगदी साधा, बसमध्ये कुणाला सांगावं तसा. "दार सोडू नकोस."

तिनं दात ओठांत रोवले आणि कंबर आणखी दाबली.

लोहारानं आणखी एक घाव घातला, मग एक. मग तो गुडघ्यावर आला. धुरानं काही दिसेना. स्वयंपाकघराचं दार उघडल्याचं तिला कळलं, पण तिनं मान वळवली नाही. ड्रायव्हर येऊन तिच्या खुर्चीमागे उभे राहिले. त्यांना बाहेर यायची परवानगी नव्हती, पण आता कोण बोलणार? दोघंही धुराकडे बघत. ड्रॅगननं डोकं वर केलं, इकडेतिकडे पाहिलं. खायला-जाळायला गर्दी नाही, एक माणूस खाली बसलेला, बाकी रस्ता मोकळा. त्यानं पंख पसरले आणि गेला. खरंच गेला. लेक नंतर म्हणाली की जमिनीवर लोक नसले की तो फार वेळ थांबत नाही.

धूर विरला. लोहार तिथंच होता, गुडघ्यावर, मान खाली. ड्रायव्हरांनी खुर्चीची पाठ धरली होती. काही तरी बोल, असं तिला म्हणायचं होतं, कुणाला ते तिलाही माहीत नव्हतं.

लोहार उठला. गुडघे झटकले. दाढीतून धूर निघतोय, अंगावर एक बाही नाही, आणि हा चालत दारापाशी आला, धाकटीसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "या, धार लावून ठेवलीय."

दोघं इतकी हसली, इतकी हसली, की शेजारीण काय झालं म्हणून बघायला आली. तिला सांगता सांगता पुन्हा हसली. शेजारणीला काही कळलं नाही, पण तीही हसली.

हसणं ओसरल्यावर धाकटीनं पहिलं काम केलं, ते रक्तदाब मोजायचं यंत्र काढलं आणि ड्रायव्हरांच्या दंडाला पट्टा बांधला. आकडा शहाण्या माणसासारखा. तिला खरं वाटेना, पुन्हा मोजला, तोच. तो डॉक्टर म्हणाला होता ना, हृदयाला टीव्ही कळत नाही? मला वाटतं त्या दिवशी ड्रायव्हरांच्या हृदयानं बोलणं ऐकलं. आपणच सांगितलं दार सोडू नको म्हणून, मग धडधडून काय उपयोग, असं काहीतरी. मी शिकलेली नाही, मला एवढंच सुचतं. ड्रायव्हर म्हणाले, आता तू बांध. तिनं बांधला तर तिचाच आकडा वर. लेक फोनवर म्हणाली, आता पुढच्या वेळी आईला कुठल्या खोलीत कोंडायचं?

कोंडून घ्यायचं धाकटीनं ऐकलं नाही, ऐकणारही नाही. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर फेरीवर निघाले. वेस, लोहार, मग गिरणी बंद, तिथंही थांबले, मग औषधवाली, खानावळ. आता सगळ्यांना दारातून आत-बाहेर करताना बघून धाकटी म्हणते, ह्यांच्या पायांत चपला नाहीत, कुणी लक्ष देतं का.

बरं, हे झालं लिहून की एक काम कर. परवा मी त्यांच्याकडे गेले होते, ड्रायव्हर फेरीवर होते आणि मी बाजूला बसून बघत होते. भिंतीच्या बाहेर, ओढ्याच्या पलीकडे, एक म्हातारा मेंढरं घेऊन बसलेला असतो. तो त्यांच्या फेरीत येत नाही, त्याला सारंगी काय ऐकू जाणार? उघड्यावर आहे गं तो. धाकटीला फोन कर आणि एवढं सांग. ड्रायव्हरनी उचलला तर नुसतं बरं आहे का विचार आणि मावशीला द्या म्हण. तिलाच सांग, ओढ्यापलीकडे एक आहे म्हणावं, त्याचंही बघ.